न ऐकू आलेले वाळे

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एवढाच माझा देह. एकोणीसशे छप्पन साली आलापल्लीच्या जंगलात जमिनीखालचं खनिज शोधायला मला आणलं. दूर तिवईवरच्या मोठ्या कॉइलीत आमचा मदतनीस दसरू इंजिनाची वीज सोडायचा. तिची गुणगुण माझ्यातून, मला हाती धरून चालणाऱ्या इस्तारीच्या हेडफोनात उतरायची. तो मला हळूहळू कलती करायचा आणि आवाज विझला की माझा कल लिहून ठेवायचा. खाली धातूचा मोठा साठा असला, की तो कल एकदम बदलायचा. इस्तारीसारखा कान नाही, असं साहेब म्हणायचे.

एका दुपारी नदीकाठच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गोकुळा नावाची बाई आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, माही पोरगी इथीच पुरली हाय. मागच्या पुरानं खुणेचा दगड नेला. तिच्या पायात पितळेचे वाळे होते. तुमची मशीन सांगन का?"

इस्तारीने मान खाली घातली. "बाई, जमिनीत मोठा धातू असला तं इले समजते. एवढ्याशा वाळ्यायचं नाई समजत."

"घरचे म्हणतेत, विसर. कसं विसरू? एक डाव पाहा ना, भाऊ."

जेवणाची सुट्टी होती. इस्तारीने भाकर तशीच ठेवली, दसरूला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि हेडफोन गोकुळाच्या कानांवर चढवला. या काठापासून त्या काठापर्यंत आम्ही पूर्ण बांधी चाललो. ती डोळे मिटून ऐकत होती.

"भाऊ, इथी चूप झालं!"

तिचा चेहरा उजळला. त्याने 'हो' म्हणावं, असं मला फार वाटलं. पण तो म्हणाला, "म्या कॉइल कलवली म्हणून चूप झालं, बाई. कुठीही होते तसं."

ती खाली बसली. मातीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाई सापडली तं नाई. माह्यासंगं कोणी तरी हुडकलं, एवढं तं झालं."

पुढे नवी यंत्रं आली. इस्तारी गावी गेला. मी गोदामात आहे. माझी वायर उंदरांनी कुरतडली, चौकटीला वाळवी लागली. खाणी सापडल्याचं कौतुक आता आठवत नाही. त्या बांधीतून पुन्हा एकदा चालावं, एवढीच ओढ उरली आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ कधी तरी पुसा. आणि कुणी आपलं हरवलेलं शोधायला तुमच्याकडे आलं, तर खोटं सांगू नका. पण चार पावलं सोबत जरूर चाला.