तेजलच्या घड्याळाचा प्लॅन

"काका, घड्याळाच्या सिमसाठी एवढे प्रश्न आजपर्यंत कुणीच विचारले नव्हते," मोबाइलच्या दुकानातली काउंटरमागची पूजा हसत म्हणाली.

"म्हणजे बाकीचे न विचारताच घेऊन गेले," निवृत्ती म्हणाले. "बरं, हा रोज दीड जीबीवाला. नऊ वर्षांची पोरगी मनगटावर दीड जीबीचं करणार काय?"

"मग हा घ्या. नुसता कॉलिंगचा. स्वस्त पडेल."

"यात ती कुठे आहे ते दिसेल?"

"नाही हो. लोकेशनला थोडं तरी नेट लागतंच."

"आणि रिचार्ज ऐन शाळेच्या दिवशी संपला, तर आम्ही केलेला फोन तिला लागेल?"

"ते... सांगता नाही येणार."

"बाळ, एकतीस वर्षं मी समोरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो. 'सांगता येणार नाही' असं एकदा जरी म्हटलं असतं ना, तर लोकांनी खिडकी उपटून नेली असती. विचार तुझ्या साहेबांना."

पूजाने साहेबांना फोन लावला. मागे उभी असलेली बाई चुळबुळ करायला लागली. "बाबा, आवरा की जरा. मला सिन्नरची गाडी धरायची हाय."

"पावणेबाराची गेली. आता सव्वाबाराला आहे," निवृत्ती मागे न बघताच म्हणाले. "मधल्या दारापाशी उभ्या राहा, जागा मिळेल."

बाई चाटच पडली.

घड्याळाचं सगळं त्यांच्या नातीने, तेजलने सुरू केलं होतं. चौथीच्या पहिल्याच आठवड्यात तिने जेवताना जाहीर केलं, "माझ्या वर्गातली सगळी मुलं एकटी घरी जातात. मी काय बालवाडीत आहे?" मुलगा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. सून हर्षाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये, तिला यायला सात वाजायचे. बालवाडीपासून तेजलला आणायचं काम निवृत्तींचं. शाळा, रसवंती, जॉगिंग ट्रॅक आणि मग त्यांची सोसायटी, असा मोजून चौदा मिनिटांचा रस्ता. त्यांच्या गुडघ्यांमुळे हल्ली वीस मिनिटांचा झाला होता, पण ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

हर्षाली म्हणाली, "जा एकटी, पण फोनवालं घड्याळ घालून." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "बाबा, प्लॅन तुम्हीच बघा. तुमच्याइतकं खोदून कोण विचारणार?"

निवृत्तींनी ते फार मनावर घेतलं. दुकानात येण्याआधी दोन दिवस ते शेजारच्या पुतळाबाईंचा फोन मागून घेऊन, दोन कंपन्यांचे दोन फोन दोन हातांत धरून, त्या रस्त्याने चालून आले होते. दर विजेच्या खांबाशी थांबून रेंज बघायची आणि कागदावर टिपायची. रसवंतीवाल्याने विचारलंसुद्धा, "आबा, टॉवर बसवताय का काय?" एका कंपनीची रेंज ट्रॅकच्या भिंतीपाशी गायब व्हायची. ती कंपनी तिथेच बाद झाली.

पूजाने फोन ठेवला. "साहेब म्हणतात, मुदत संपायच्या आधी मेसेज येतो, तेव्हाच रिचार्ज मारायचा. संपल्यावर भरवसा नाही."

"हे उत्तर झालं! मेसेज माझ्या फोनवर येईल असं कर. आणि अनोळखी माणसाने तिला फोन केला तर?"

"घड्याळाच्या ॲपमध्ये बंद करता येतं. तुम्ही टाकाल तेच नंबर लागतील."

शेवटी चौऱ्याऐंशी दिवसांचा प्लॅन ठरला. बोलणं हवं तेवढं, नेट बेताचं. सिम निवृत्तींच्या नावावर. सिमसाठी लागणारा फोटो काढायला पूजाने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "काका, डोळे मिटा. आता उघडा. पुन्हा मिटा."

"लग्नातसुद्धा माझे एवढे फोटो काढले नव्हते," ते पुटपुटले आणि सिन्नरची बाईही हसली.

पावती देताना पूजाने सहज विचारलं, "आत्ता तिला शाळेतून आणतं कोण?"

"मीच."

"मग घड्याळ कशाला?"

निवृत्तींनी पावतीची नीट घडी घातली. मग म्हणाले, "सोमवारपासून नाही आणणार."

सोमवारी साडेपाचला निवृत्ती फोनमधला नकाशा उघडून खुर्चीत बसले. निळा ठिपका शाळेतून निघाला. रसवंती आली, गेली. ट्रॅकच्या भिंतीपाशी मात्र ठिपका थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. रेंज तर तिथे पक्की होती, त्यांनी स्वतः बघितली होती. त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पाच मिनिटं झाली.

निवृत्तींनी चपला अडकवल्या. जिना उतरताना गुडघ्यातून कळ आली, तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. कोपऱ्यावर पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. एका उभ्या टेम्पोआडून त्यांनी वाकून बघितलं.

भिंतीच्या कडेला मातकट रंगाची चार पिल्लं लोळत होती. तीन मुली त्यांच्याभोवती उकिडव्या बसल्या होत्या. मधली तेजल. दप्तर पाठीवरच, घड्याळाचा हात पिल्लाच्या पोटाखाली. घड्याळ वाजत होतं की नाही, कोण जाणे. ती मान मागे टाकून हसत होती. तसं हसताना त्यांनी तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

हाक त्यांच्या ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली आणि मागच्या गल्लीने परत फिरले. ती यायच्या आत घर गाठायचं म्हणून भरभर चालत होते. डावा हात मात्र अंगापासून थोडा दूर, जरासा वाकवलेला होता. एवढी वर्षं तेजल त्याच बाजूने चालायची.

घरी येऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, सदरा बदलला. दम खाली बसतोय तोच फोन वाजला.

"आबा! मी गेटपाशी आले. एकटी! फोन ऐकूच नाही आला हो, रागावू नका. तुम्ही झोपला होतात ना?"

"हो, आत्ताच डोळा लागला होता," निवृत्ती म्हणाले. "ये. दार उघडंच आहे."