जप्तीतून सुटलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. माझ्या चारही पायांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे मला पाय नाहीत, चाकं आहेत. आणि मधे वायर काढलेली होती, तेव्हाचं ऐकीव आहे. तेवढं सांभाळून घ्या. मान सरळ ठेवा, कात्री चाललीये.

माझा जन्म कारखान्यातला. मी मसाजची खुर्ची; पाठ रगडायची, पोटऱ्या दाबायच्या, एवढंच मला शिकवलं. मालकाने मला घेतलं ते पोरीच्या पोटगीचा हुकूम आला त्याच महिन्यात. नोकरीही सोडली, कोर्टात "कमाई शून्य" म्हणता यावं म्हणून. मग दिवसभर माझ्यात पडून. माणूस वाईट नव्हता हो. फक्त पोरीचा फोन आला की मला जोरात चालवायचा. माझ्या घरघरीत रिंग ऐकू येत नाही ना.

सात महिने पोटगी गेली नाही. मग एका सकाळी कोर्टाचा बेलीफ आला, कंबर धरूनच. सोबत पोरीची आई, काय उचलायचं ते दाखवायला.

"हीच," तिने माझ्याकडे बोट केलं. "पोरीला फळा दिसत नाही, दादा. शेजारच्या मुलीचं बघून लिहिते, आणि ती मुलगी पक्की ढ आहे. चष्मा हवाय."

"थांबा!" मालक ओरडला. "पोट भरायचं साधन जप्त करता येत नाही. कायदा आहे. माझं सलून आहे हे."

"केव्हापासून?" बेलीफ.

"झाले की सात महिने."

"अहो, तुम्ही कांदा कापताना बोट कापून घेत होतात!" पोरीची आई म्हणाली.

बेलीफने कागद खिशात घातला आणि माझ्यात बसला. "करा कटिंग. खात्री करावी लागते."

मालकाने दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली. मी बेलीफची कंबर हळूहळू रगडली. "आई गं," म्हणाला आणि झोपला. उठला तेव्हा डावीकडे केस होते, उजवीकडे त्यांची आठवण. आरशात बघून म्हणाला, "वाईट आहे. पण कटिंग आहे."

त्याने पैसे दिले, पावती मागितली. मालकाने खुशीत सही ठोकली.

"झालं," बेलीफ पावतीची घडी घालत म्हणाला. "खुर्ची सोडली. पण सात महिने धंदा चालू आहे, म्हणजे कमाई आहे. ही पावती कोर्टात लावतो. दर शनिवारी येईन, पोटगी न्यायला."

"आणि धंदाच नाही म्हटलं तर?"

"तर खुर्ची नेतो. वर खोटं सांगितल्याचं वेगळं."

मालक माझ्या हातावर मटकन बसला. दुसऱ्या दिवशी दारावर सलूनची पाटी लागली.

चष्मा आला. तो घालून पोर पहिल्यांदा इथे आली. बापाकडे बराच वेळ बघत राहिली. "बाबा, तुम्ही एवढे म्हातारे आहात?"

मालकाने कंगवा घेतला. तिला माझ्यात बसवलं आणि वेणी घातली. वाकडी. सोडली, परत घातली. परत वाकडी.

आता माझं रेक्झीन फाटलंय, एक रोलर खरखरतो. तक्रार नाही. पुढच्या महिन्यात पोरीची फी आहे, एवढीच काळजी.

चला, झालं तुमचं. आरशात फार बघू नका, वाढतील. काय म्हणता? पाकीट घरी राहिलं? हरकत नाही. आज शनिवार आहे. बाहेर बाकावर बेलीफ बसलाय, तो येईल तुमच्याबरोबर घरापर्यंत. त्याला घरं बघायची फार आवड आहे.

सापडलं ना पाकीट? काढा मग.