सहावी कॅसेट

"वहिनी, कढई जरा जोरात घासा. दात शिवशिवले पाहिजेत ऐकणाऱ्याचे!"

समोरच्या बिऱ्हाडातला श्यामसुंदर मोरीच्या कट्ट्यावर टेपरेकॉर्डर धरून उभा होता आणि पॉजचं बटण अर्धवट दाबून आवाज वेडेवाकडे करत होता. सुचित्राने काथ्याने कढई घासली, पळीने डबे बडवले, मिक्सर रिकामाच फिरवला. श्यामसुंदरच्या बायकोने, स्मिताने, कुकरच्या शिटीवर पातेलं उपडं धरलं. शेवटी सुचित्राला हसू आवरेना. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी फुटायचं ते नाकातून फुटलंच.

"बास! हेच पायजे होतं," श्यामसुंदर म्हणाला. "आता बघा दिनानाथरावांची कशी समाधी लागते."

दिनानाथ म्हणजे सुचित्राचा नवरा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेकॅनिक. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग कधी जाणार ते तो सांगायचा. तारीखच काय, पाळीसुद्धा सांगायचा म्हणतात. एक्याऐंशी साली नवा कॉम्प्रेसर बसवायला आलेला जर्मन साहेब जाताना त्याला पाच कॅसेटी देऊन गेला. त्यांच्याकडचं शास्त्रीय संगीत, पण जुनं नव्हे, अगदी आजकालचं.

पहिली कॅसेट लावली तेव्हा दिनानाथला वाटलं, टेप बिघडलाय. त्याने हेड स्पिरिटने पुसलं, पट्टा बदलला, कॅसेट खोलून फीत नव्याने गुंडाळली. बिघाड होता तसाच. मग तो बेअरिंग ऐकावं तसा बिघाड ऐकायला बसला. खरा बिघाड ठराविक फेऱ्याने परत येतो, हा येईचना. चाळीस वेळा ऐकूनही पुढचा ठोका कुठून पडणार याचा पत्ता लागेना. एक्केचाळिसाव्या वेळी त्याने पान्हा खाली ठेवला आणि नुसता ऐकत राहिला. तिथून माणूस हातचा गेला.

दर रविवारी दुपारी वाशीतल्या त्या दोन खोल्यांतून व्हायोलिनं किंचाळू लागली. तळमजल्यावरच्या दोन मांजरांनी बिऱ्हाड हलवलं. तिसऱ्या मजल्यावरचा शिवराळ पोपट 'राम राम' म्हणायला लागला. श्यामसुंदर शपथेवर सांगायचा की, त्याच्या घरचं दूध त्या वेळी आपोआप नासतं. यातलं निम्मं खरं धरलं तरी पुरे. पण रॉकेलच्या रांगेत बायका सुचित्राला विचारायच्या, "काय गं, आज परत कुनाची शेपटी दारात चेंगरली?" ते मात्र अक्षरन् अक्षर खरं. सोसायटीत तिचं नावच पडलं होतं, किरकिऱ्याची बायको.

नव्या गावात, नव्या लोकांत तिला चारचौघींसारखं नाव हवं होतं. एकदा लोकांत फजिती झाली की नवरा ताळ्यावर येईल, आणि तेव्हा आपण हसणाऱ्यांच्या बाजूला असू, असा तिचा हिशेब.

श्यामसुंदरने पोराच्या वहीतलं जर्मन तिकीट चिकटवून पाकीट तयार केलं. साहेबाने आठवण ठेवली म्हणून दिनानाथ पोरासारखा हरखला. आठ दिवस त्याने ती सहावी कॅसेट ऐकली. जेवताना घास हातातच राहायचा.

"अगं, ही त्या पाचांच्या पुढची आहे," तो म्हणाला. "बसतेस जरा? एकदाच."

"माझ्या भाकऱ्या व्हायच्यात अजून," सुचित्रा म्हणाली.

श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण झाला. तीर्थप्रसाद वाटून झाल्यावर श्यामसुंदरने दिनानाथच्या हातात माइक दिला.

"दिनानाथराव, आमाला पण शिकवा की जरा. आमी पडलो अडाणी."

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपणहून ऐकायला मागत होतं. दिनानाथ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इस्त्री सुचित्रानेच केली होती.

"सूर शोधू नका," तो अडखळत म्हणाला. "पुढं काय येईल तेही नको. येईल ते येऊ द्या."

लाउडस्पीकरवरून कढई किंचाळली. पुढच्या रांगेने शिऱ्याचे द्रोण तोंडासमोर धरले. दिनानाथने डोळे मिटून घेतले होते.

"आता ऐका. इथं एक बाई रडते. कुणाला कळू नये म्हणून तोंड दाबून. मला वाटतं, एवढं सगळं तिच्यासाठीच रचलंय."

मंडप फुटला. एका म्हाताऱ्याला ठसका लागला, त्याची कवळी थेट पूजेच्या चौरंगापर्यंत गेली.

"अहो, रडतेय कसली! हसतेय ती!" श्यामसुंदर ओरडला. "तुमच्याच मोरीतली बाई आहे! विचारा वहिनींना!"

दिनानाथने डोळे उघडून सुचित्राकडे पाहिलं. ती हसत होती. सगळेच हसत होते, ती एकटी थांबणार कशी?

त्याने कॅसेट काढली, फुंकर मारून डबीत ठेवली. "शिरा छान झालाय," असं म्हणाला आणि घरी गेला.

संध्याकाळी सुचित्राने चहा पुढे ठेवला. "गंमत होती हो. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"तोंडावर पदर होता?"

"हो."

"वाटलंच. कापड होतं मध्ये." त्याने बशीत चहा ओतला. "कढई, कुकर ओळखायला हवा होता मी. इतकी वर्षं मशिनी ऐकतोय. पण ते रडणंच आहे."

"अहो, मी हसत होते!"

"असशील," दिनानाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या पाचही कॅसेटी त्याने श्यामसुंदरला देऊन टाकल्या. श्यामसुंदरने त्यांच्यावर आरत्या भरून घेतल्या. आवाज फार स्वच्छ आला म्हणे. सुचित्राला हवं ते सगळं मिळालं. हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिला येऊ लागलं, बायका तिला सुचित्राताई म्हणू लागल्या. पुन्हा लग्न झाल्यासारखी ती जिन्यावरून मिरवत उतरायची.

रविवारी दुपारी दिनानाथ ती एकच कॅसेट लावायचा. आवाज आता अगदी बारीक, घरापुरता. शेवट आला की मागे न्यायचा, परत लावायचा.

"बंद करा ना ते," सुचित्रा मोरीतून म्हणायची. "माझं हसणं कितीदा ऐकायचं?"

"हसणं कुठं आहे?" तो म्हणायचा. रागाने नव्हे; मशीनबद्दल सांगावं तसं.

श्रावण गेला, दिवाळी गेली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी शेवट जवळ आला तेव्हा सुचित्राने नळ बंद केला. हातातली वाटी आवाज न करता खाली ठेवली आणि ओल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली.

आत एक बाई तोंड दाबून रडत होती. कशासाठी, ते सुचित्राला काही केल्या आठवेना.