लेओंतीनच्या बापाच्या नळ्या

ओडिलोंने बंदुकीच्या नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या आणि उजवा डोळा लावला. डावा डोळा दगडाच्या खाणीत कधीच गेला होता. उरला होता तो एकच, त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत तो जरा भित्राच झाला होता.

उजवी नळी आतून आरशासारखी लख्ख होती. डावीही तशीच, पण मध्यावर सावलीचं एक कडं दिसत होतं, एका अंगाला चेपलेलं.

"बाहेरून पोचा आलाय, एवढंच," गिस्लें म्हणाला. खोऱ्यातल्या घराघरांतून जुनी हत्यारं गोळा करून विकणं हा त्याचा धंदा, आणि ही खोली त्याचं दुकान. "दस्ता तडकलाय, तो मी तारेने बांधलाय. या वयाच्या म्हातारीकडे दात तरी किती मागायचे?"

लेओंतीन, ओडिलोंची बायको, नळ्यांवरच्या नक्षीवरून बोट फिरवत होती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून ठोकल्या की अशी नक्षी उठते. प्रत्येक लोहाराचा पीळ वेगळा. हा गुलाबकळ्यांचा पीळ तिच्या बापाचा होता. बाप गेला, भट्टी विझली, पुढे नदीच्या पुराने घरही नेलं. त्याच्या हातचा एक खिळासुद्धा तिच्याकडे उरला नव्हता.

"घ्यायची," ती म्हणाली.

ओडिलोंला घाम फुटला. या गावात घेणं म्हणजे उडवणं. घरात बंदूक आली की शिकाऱ्यांच्या संत ह्युबेरच्या सणाला, पाद्र्याने पाव मंतरून झाल्यावर, चर्चमागे दोन्ही नळ्यांचे बार आभाळात उडवायचे. जो उडवत नाही त्याच्या दारात लोक झाडू ठेवत, 'ही घे तुझी बंदूक' म्हणून. आणि सण परवावर आला होता. नळी फुटली तर ती त्याच्या गालाशीच फुटणार होती.

"थांब, आधी वाजवून बघू," तो म्हणाला. नळ्या मुठीत घट्ट धरून त्याने बोटाच्या पेराने टिचकी मारली. ठक्क.

"ऐकलंस? दोन नळ्यांमधला जोड सुटलाय." त्याला एकदम हलकं वाटलं.

"मुठीत धरून घंटा तरी वाजेल का रे?" लेओंतीनने ॲप्रनची नाडी सोडली, नळ्यांखालच्या आकड्यात ओवली आणि नळ्या अधांतरी धरून टिचकी दिली. आवाज खोलीभर घुमला आणि बराच वेळ विरेना.

गिस्लेंने टोपी काढली. "जोड शाबूत आहे, वहिनी. काय हात होता तुमच्या वडलांचा!"

ओडिलों घाम पुसत राहिला.

मग लेओंतीनने नळ्या स्वतः उजेडाकडे धरल्या. तोंडाशी नळीची कड चिमटीत धरून चाचपली. "गिस्लें, आतून तू घासल्यास?"

"गंज होता. गिऱ्हाइकाला चमक लागते."

"गंजाबरोबर नळीची जाडीही काढलीस तू. ही उडवली तर फुटेल."

"मग न उडवता ठेवू की भिंतीवर," ओडिलों घाईघाईने म्हणाला.

"तू ठेवशील?" ती हसली नाही. "परवा दोन घोट दारू पोटात गेली, कुणी झाडू दाखवला, की तू ती खाली काढशील. तुला मी ओळखत नाही का?"

खिडकीपाशी उभा राहिल्यापासून त्याला नेमकी हीच भीती वाटत होती.

लेओंतीनने गिस्लेंच्या बाकावरचा पेचकस उचलला. बंदुकीचे दोन्ही घोडे सोडवले आणि गिस्लेंच्याच तळहातावर ठेवले. "हे तुझ्याकडेच राहू देत. हा तुझ्या दारात आला आणि घोडे मागायला लागला, तरी द्यायचे नाहीत."

"अहो वहिनी, घोड्यांशिवाय ती बंदूक कसली? परवा दारात झाडू येईल."

"येऊ दे," लेओंतीन नळ्या आणि दस्ता ॲप्रनमध्ये गुंडाळत म्हणाली. "घरातला झिजलाच आहे."