थिजलेलं डिझेल

मंजुळा तांडेल परळच्या आपल्या गॅरेजमध्ये टेम्पोचा रेडिएटर उघडून बसली होती, तेवढ्यात डॉक्टर मेघनाचा व्हिडिओ कॉल आला. मेघना हिवाळाभर हिमाचलमधल्या स्पितीतल्या एका छोट्या दवाखान्यात काम करत होती. तिथली रुग्णवाहिका मुंबईतून गेलेली, आणि जाण्याआधी ती मंजुळाच्याच हाताखालून गेली होती.

"मंजूताई, गाडी चालू होत नाहीये. एक बाई अडलीय, बाळ आडवं आहे. तिला खालच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायलाच हवं."

"थंडी किती?"

"पहाटे उणे बावीस होतं."

मंजुळाने हातातला पाना खाली ठेवला. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, वडिलांच्या होडीवर ती इंजिन शिकली. तीस वर्षांत तिने तापून बंद पडलेली, खाऱ्या पाण्याने गंजलेली, पुरात बुडालेली इंजिनं दुरुस्त केली. गारठलेलं इंजिन तिच्याकडे एकदाही आलं नव्हतं.

"राजेश, डिझेलचा फिल्टर खोल. मला दाखव."

राजेश ड्रायव्हर, लालबागचा, गाडीबरोबरच वर गेलेला. त्याने फिल्टर उलटा धरला. थेंबसुद्धा पडला नाही. आत पांढरट, साजूक तुपासारखा गोळा बसला होता.

"हे डिझेल?" मंजुळाने फोन डोळ्यांजवळ नेला. इतकी वर्षं जे हातावरून नुसतं वाहत आलं, ते असं थिजूही शकतं? मग तिला घरातली खोबरेलाची बाटली आठवली. जानेवारीत एखाद्या पहाटे तीही अशीच घट्ट होते, आणि मुठीत धरली की सुटते.

"डिझेल कुठलं भरलंस रे?"

"खाली सपाटीवर, महिन्यापूर्वी. थंडीसाठीचं वेगळं मिळतं, ते नाही. ताई, टाकीखाली शेगडी लावतो, इथले ट्रकवाले—"

"अजिबात नाय! टाकीजवळ जाळ न्यायचा नाय. बॅटरी काढ, आत उबेला ठेव. फडकी कढत पाण्यातून पिळून घे, फिल्टरला आणि पाइपला गुंडाळ. गार झाली की बदल. टाकीला गरम पाण्याच्या बाटल्या बांध. आणि गाडी ढकलून उन्हात घ्या."

फोन खिडकीत टेकवून सगळे कामाला लागले. गावातले लोक हंडे घेऊन येऊ लागले. फडकं पाण्यातून काढलं की वाफेचा लोट उठे, आणि जमिनीवर पडलेलं पाणी बघता बघता काच होई. मंजुळा स्टुलावरून हलली नाही. टेम्पोवाला दोनदा हाक मारून गेला. तिने नुसता हात केला.

दीड तासाने राजेशने फिल्टर पुन्हा खोलला. डिझेल वाहू लागलं होतं.

"आता फिल्टर बसव, त्याच्यावरच्या छोट्या हातपंपाने पाइपातली हवा काढ. बॅटरी लाव. चावी फिरवून डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझू दे, मग स्टार्टर. दहा सेकंदांच्या वर नाय."

इंजिन कण्हलं आणि थांबलं.

"थांब. बॅटरीला दम घेऊ दे. फोन बॉनेटजवळ धर, मला ऐकायचंय."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इंजिनाचा एक सिलिंडर पेटला. मंजुळाला तो ठोका स्पष्ट ऐकू आला. मग दुसरा. पांढरा धूर उसळला, गाडी अंगभर थरथरली आणि चारही ठोके एका लयीत आले.

"रेस करू नको! इंजिनातलं तेल पातळ होऊन वर चढू दे. तापमानाचा काटा हलला की निघा."

चौघांनी त्या बाईला उचलून गाडीत निजवलं. निघताना मेघनाने फोन सहज फिरवला आणि मंजुळाला प्रथमच ती जागा दिसली. आभाळाला भिडलेले पांढरे डोंगर, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि त्या अफाट शांततेत आवाज एकच, त्या एवढ्याशा इंजिनाचा. तिचे हात आपोआप जोडले गेले. डोंगरांना की इंजिनाला, तिचं तिलाही कळलं नाही.

दुपारी साडेचारला मेघनाचा मेसेज आला. ऑपरेशन झालं, मुलगी आहे, दोघी ठीक.

मंजुळाने तो टेम्पोवाल्यालाच वाचून दाखवला. तो चिडून बोलायला आला होता, ऐकून तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "पहिल्यापासून सांगा ना, ताई."