कल्याण असो

नोटीस पाठवल्यापासून राघोत्तमकाकांनी 'लग्न' हा शब्द सोडला होता.

"अक्का, व्यासराजच्या मुलीचं कल्याण ठरलं. येणार ना?" कॉफीचा टंबलर खाली ठेवत त्यांनी कनकाआत्याला विचारलं.

"कल्याणाला न येता कसं चालेल?" आत्या म्हणाली.

काकांचा फोन दोघांच्या मधोमध पालथा पडला होता. मी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात रसायनं तपासते. नमुन्यात कुणी हात घातला की मला आधी संशय येतो, पुरावा मागून सापडतो.

आजोबांच्या, म्हणजे अप्पांच्या, मृत्युपत्रात एकच वाक्य होतं: 'मैलापूरचं घर कनकाच्या कल्याणास राखावं.' आत्या जन्मापासून याच घरात राहते. तिनं लग्न केलं नाही. काकांचा दावा असा, की चेन्नईत कल्याण म्हणजे लग्न. ते झालंच नाही, तेव्हा घर विकून वाटणी करावी. आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "तुमच्या घरात हा शब्द कोणत्या अर्थानं वापरतात, त्यावर सगळं ठरेल."

म्हणजे काका पुरावा गोळा करत नव्हते, तयार करत होते. आत्या बिचारी ज्या भाषेत विचारलं, त्याच भाषेत उत्तर देत होती. मीही रेकॉर्डिंग चालू करून माझा फोन काकांच्या फोनशेजारी पालथा ठेवला.

"तुझ्या कल्याणाचं काय, श्रीरंजनी?" काकांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"माझं भलं चाललंय, काका."

काका निघायला उठले. कोर्टात भांडण असलं तरी थोरल्या बहिणीच्या पाया पडल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. ते वाकले. आत्यानं डोक्यावर हात ठेवला.

"कल्याण असो."

मला हसू आवरेना. "काका, दुसरं लग्न? काकूंना कोण सांगणार?"

काकांचा हात झटकन फोनकडे गेला.

"राहू द्या की. नुसताच पडलाय ना?" मी म्हटलं. "माझाही पडलाय."

ते पुन्हा खुर्चीत बसले. फोन मात्र मुठीत घट्ट.

"अय्यो, काय झालं?" आत्यानं विचारलं. "अप्पा म्हणायचे तेच म्हटलं मी. तुझ्या लग्नानंतरही तुला रोज हाच आशीर्वाद द्यायचे ना रे?"

"द्यायचे," काका पुटपुटले.

आत्यानं माझ्या फोनकडे ओझरतं पाहिलं आणि रिकामे टंबलर उचलले. त्या क्षणी मला पहिल्यांदाच तिचाही संशय आला.