गिअरच्या दांडीवरची मूठ

मित्रांनो, स्टेशन वॅगन म्हणजे काय हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे. पुढून मी साधी गोल तोंडाची मोटार. मागे मात्र डिकीऐवजी टपापर्यंत उंच, काचांचा लांब डबा. नवखी माणसं मला रुग्णवाहिका समजून बाजूला होतात. मीही ऐटीत पुढे जाते, खुलासा करत बसत नाही.

माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे. उमेदीची पहिली वर्षं भिंगारला लष्करी साहेबांच्या दिमतीला गेली. मग लिलाव झाला आणि रंभाजींनी मला घेतलं. ते तिथेच ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते मला बाहेर काढत. पारनेरला माहेरी निघालेल्या बाळंतिणी, शेवगावच्या बाजारातली पोती, लग्नाची भांडी आणि त्या भांड्यांवर बसलेल्या करवल्या, सगळं मी वाहिलं. चौदा एप्रिलला टपावर भोंगा चढायचा, पुढे निळा झेंडा लागायचा आणि आदल्या दिवशी मला चार बादल्या पाण्याने आंघोळ. रंभाजी गिअर असा टाकायचे की मागे झोपलेलं मूल कूस बदलत नसे. लोक माझी स्तुती करायचे. खरं कौतुक त्या हातापायांचं होतं, हे मी आज कबूल करते.

सहा वर्षांपूर्वी शुगरमुळे रंभाजींच्या पायाची जखम चिघळली. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पायावर ते चालू लागले, पण त्या पायाने क्लच दाबता येईना. मी अंगणात ताडपत्रीखाली गेले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. कोंबड्यांचा मला राग आला नाही, रंभाजींचा आला. ते रोज अंगणात खुर्ची टाकत, पण माझ्याकडे पाठ करून. त्यांना मला बघवत नव्हतं, हे समजायला मला फार वेळ लागला.

त्यांची मुलगी शुभांगी शेवगावला शिक्षिका आहे. तिला मात्र ते लवकर समजलं. एका रविवारी ती म्हणाली, "आबा, गाडी नीट करून घेते. चांगला भाव आला तर विकून टाकू."

"इक," रंभाजी म्हणाले. "मला काय करायचीय आता?"

विकायचं तिच्या मनात नव्हतंच. तिने मला भिंगारच्या बिभीषण मिस्त्रींच्या गॅरेजात नेलं आणि हळू आवाजात त्यांना विचारलं, "काका, क्लच हातानं चालंल असं करता येईल का? जमलं तरच आबांना सांगायचं. न्हाई जमलं तर त्यांना उगाच आशा नको."

बिभीषण मिस्त्रींना सात महिने लागले. सडलेला पत्रा कापला, नवा जोडला. इंजिन उतरवून आतले झिजलेले भाग बदलले. माझा गिअर स्टिअरिंगखाली आहे, त्या दांडीवर त्यांनी स्कूटरला असते तशी मूठ बसवली. मूठ आवळली की क्लच दाबला जातो. मग त्यांनी स्वतःचा डावा पाय गमछ्याने सीटला बांधला आणि मला मैदानात अकरा फेऱ्या मारून आणलं. घामाने निथळत ते उतरले आणि म्हणाले, "जमतंय!" मला रडू आलं असतं, पण गाडीच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर लोक काच गळते म्हणतात.

पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा होता. त्याच मैदानात आबांना चकित करायचं शुभांगीने ठरवलं. तिच्या हातून एकच चूक झाली. ती मिस्त्रींना आणायला गेली आणि आबांना माझ्याजवळ एकटं बसवून गेली.

मंडळी माझ्याभोवती जमली. शुभांगीने पाच लाख घातले, ही बातमी आधीच त्यांच्या कानावर होती. एक म्हणाला, एवढ्यात नवी कोरी आली असती. दुसरा म्हणाला, अशा वॅगन उरल्यात किती, दहा लाखही कमीच. तिसऱ्याला माझा रंग आवडला नाही. ही गाडी कुणासाठी दुरुस्त केली, हे मात्र एकानेही विचारलं नाही. रंभाजी मान खाली घालून ऐकत होते.

त्यांच्यात नगरचे आदिनाथशेठ होते. जुन्या गाडीतला एक स्क्रूदेखील मूळचाच हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी टॉर्च घेऊन मला बाहेरून खालपासून वरपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "काका, सात लाख देतो."

"घ्या," रंभाजी म्हणाले. "पोरीचे पैसे निघत्यान. माझा तर पायच गेला."

माझं इंजिन थंडच होतं, आता आतूनही गार पडले. शेठनी खूश होऊन दार उघडलं आणि ओरडलेच, "अहो, हे काय भलतंच! गिअरवर ब्रेकसारखी मूठ कुणी बसवली? आधी हे काढून द्यायला लागेल."

रंभाजी काठी टेकत आले. वाकून त्यांनी मूठ पाहिली, आवळली. खाली क्लच आपोआप दबला. त्यांनी पुन्हा आवळून पाहिलं. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"शेठ, बाजूला व्हा जरा," ते म्हणाले.

शुभांगी धावत आली तेव्हा मी निघाले होते. पहिल्यांदा दणका देऊन बंद पडले, चूक माझी नव्हती. दुसऱ्यांदा रंभाजींनी मूठ अशी सोडली की मला कळलंसुद्धा नाही. ते मोठ्याने हसत होते आणि रडतही होते. मैदानाच्या टोकाहून त्यांनी आरोळी दिली, "शुभे, लई भारी हाय गं!"

पुढे लायसनची परीक्षा, आरटीओची परवानगी असं सगळं रीतसर झालं. महिन्याभराने मी तेलपाण्यासाठी गॅरेजात उभी होते, तर आदिनाथशेठ त्यांची काळीभोर, आरशासारखी मोटार घेऊन आले. मागच्या सीटवर त्यांचे वृद्ध वडील होते.

"ही पप्पांची गाडी," शेठ म्हणाले. "त्यांच्या गुडघ्यांमुळे बारा वर्षं त्यांनी हात लावला नाही."

"मग चालवतं कोण?" बिभीषण मिस्त्रींनी विचारलं.

शेठ म्हणाले, "कुणी नाही. आम्ही पुसतो."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, उकिडवे बसले आणि विचारलं, "काका, कोनता हात चांगला चालतोय तुमचा?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना पुसा, त्यांची किंमतही खुशाल करा. पण कुणाच्या घरी एखादी गाडी, सायकल किंवा पेटी नुसतीच लखलखीत ठेवलेली दिसली, तर ती आधी कोण चालवत होतं, कोण वाजवत होतं, ते विचारा. तो माणूस बहुधा जवळच बसलेला असतो.